‘श्वास’ : सहीआधीचा प्रश्न

संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) या चित्रपटात कोकणातले आजोबा नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतात. डोळ्यांचा कर्करोग, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. करुणेपलीकडे यात मला भाषेचा प्रश्न दिसतो. इस्पितळ आणि आजोबा यांच्यामध्ये समाजसेविका आसावरी उभी असते.

माझ्या धाकट्या बहिणीला एका रात्री अचानक दाखल केले, तेव्हा बापाने इंग्रजी कागदावर अंगठा उठवला. समजावून सांगणारे कोणी नव्हते. सातवीतला मी नुसती अक्षरे लावीत राहिलो. न समजता दिलेली संमती ही संमती नव्हे.

शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला जग दाखवायला परस्पर बाहेर नेतात. इस्पितळाला ती बेशिस्त वाटते. मला ती त्यांची खरी सही वाटते. पण प्रत्येक वॉर्डात आसावरी नसते. तिथल्या बापाचे काय, हे आपल्या साहित्याने विचारले पाहिजे.