निरोपाचे हात

बर्फाळ किनाऱ्यावर काही माणसं पाठमोरी उभी आहेत. हात वर केलेले. समोर समुद्रात एक होडी. फोटोचं नाव 'सुटका'. अंटार्क्टिकाजवळ अडकलेल्यांना न्यायला अखेर कुणीतरी आलं! फ्रँक हर्लीचा हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं.

नंतर कळलं की ती होडी येत नाहीये, जातेय.

तारीख २४ एप्रिल १९१६, जागा एलिफंट आयलंड. शॅकल्टन पाच जणांना घेऊन 'जेम्स केअर्ड' नावाच्या जेमतेम सात मीटरच्या होडीतून मदत आणायला निघालाय. मागे उरलेले बावीस जण निरोप देतायत. हर्ली त्या बावीस जणांतलाच. सुटका झाली ३० ऑगस्टला. हर्लीने पुढे निगेटिव्हमध्ये फेरफार केले, नाव बदललं, आणि निरोपाचे हात स्वागताचे झाले. मधले चार महिने गायब.

हे आळशी माणसाने केलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण हर्ली म्हणजे १८८५ साली सिडनीत जन्मलेला, फोटोसाठी जीव धोक्यात घालणारा माणूस. 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फाने चिरडलं तेव्हा तो आत साचलेल्या गोठणाऱ्या पाण्यात उतरला आणि काचेच्या निगेटिव्हचे डबे बाहेर काढले. मग तो आणि शॅकल्टन बर्फावर बसून निवड करू लागले. सुमारे १२० काचा ठेवल्या, सुमारे ४०० फोडल्या. फोडल्या, कारण नुसत्या टाकल्या असत्या तर मन बदललं असतं. मोठे कॅमेरेही सोडले. उरला एक खिशातला कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल. आपल्या फोनची मेमरी भरली की आपण कुरकुरतो, त्याआधी हे एकदा आठवून बघा.

१९१७ साली हाच हर्ली ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत फोटोग्राफर म्हणून बेल्जियममध्ये, ईप्रच्या रणभूमीवर पोचला. तिथे त्याची तक्रार अशी : स्फोट, विमानं, खंदकातून बाहेर पडणारे सैनिक हे सगळं एका काचेवर कधीच येत नाही, मग युद्ध दाखवायचं कसं? त्याचं उत्तर होतं, अनेक निगेटिव्ह जोडून एक चित्र. युद्धवार्ताहर चार्ल्स बीनने याला सरळ खोटेपणा म्हटलं. हर्लीने राजीनाम्याची धमकी दिली. शेवटी तडजोड झाली : प्रदर्शनात मोजकीच जोडचित्रं लावायची आणि ती जोडलेली आहेत हे सांगायचं.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे जोडण्याचं मला वावडं नाही. आपला फोनही एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो बनवतो. माझी शंका वेगळी आहे. हर्लीचं भिंतभर जोडचित्र बघताना दिसतं काय? वर विमानं, मध्ये धूर, खाली धावणारे सैनिक. प्रत्येक तुकडा खरा, पण एकत्र आल्यावर त्याचं सिनेमाचं पोस्टर होतं.

आता त्याचाच २९ ऑक्टोबर १९१७चा शॅटो वुडमधला फोटो बघा. जळक्या खुंटांचं जंगल, चिखल, साचलेलं पाणी, आणि फळ्यांच्या वाटेवरून चालणारे पाच सैनिक. स्फोट नाही, विमान नाही. कुणी मरतही नाहीये. तरी हा फोटो अंगावर येतो, कारण घडायचं ते सगळं आधीच घडून गेलंय, आणि त्यातूनच त्यांना रोज चालायचंय. एका काचेवर युद्ध मावत नाही म्हणणाऱ्या हर्लीला खुद्द हर्लीनेच खोटं पाडलं. माझ्या मते बीनच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा हा एक फोटो भारी आहे.

हे लिहायचा मला किती अधिकार आहे, कोण जाणे. ताईच्या लग्नात आजी हॉस्पिटलमध्ये होती. नंतर मी जुन्या फोटोतली आजी कापून ग्रुप फोटोत बसवली. सावलीसुद्धा जुळवली. आईने डोळे पुसत तो हॉलमध्ये लावला. मागच्या दिवाळीत सहा वर्षांची भाची म्हणाली, "पणजी आईच्या लग्नात किती हसत होती ना!" कुणी काहीच बोललं नाही. मीही नाही.

त्या रात्री मूळ फोटो काढून पाहिला. त्यात आईशेजारी एका माणसापुरती जागा मोकळी आहे. आजीसाठी सोडलेली. लग्नातली सगळ्यात खरी गोष्ट तीच होती आणि मी नेमकी तिच्यावरच आजी चिकटवली.

फोटो मी काढून टाकलेला नाही, आईला तो हवाय. पण फ्रेमच्या मागे तारीख घालून लिहून ठेवलंय : आजी या दिवशी इथे नव्हती, आम्ही तिची जागा सोडली होती. भाची वाचायला लागली की तिला फ्रेम उलटून दाखवेन.