निसण्यावरचं पाणी

मराठीतला ‘धार’ हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. गाईच्या आचळातून चरवीत पडते ती धार, पन्हाळीतून अंगणात उतरते ती धार, सह्याद्रीत दोन्ही बाजूंना दरी ठेवून माथ्याकडे चढत जाणारी चिंचोळी कड तीही धार, आणि विळीच्या पात्याला असते तीही धारच. वाहतं आणि कापतं यांना एकच नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मनात काय होतं कोण जाणे. पण ओल्या निसण्यावर एखादी सुरी संथपणे फिरताना आपण पाहिली, की हा श्लेष मुद्दाम कुणी केला नसून तो त्या कृतीतच दडलेला होता, असं वाटू लागतं.

कोकणातल्या आमच्या घराच्या मागीलदारी काळ्या दगडाची एक पायरी आहे. तिची एक बाजू होडीच्या तळासारखी खोलगट झाली आहे, कारण घरातले कोयते, विळ्या, सुऱ्या पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पाजवल्या गेल्या. बारीक धारेसाठी वेगळा निसणा होता, पण आरंभ पायरीवर. आजी आधी ओंजळभर पाणी टाकी. हे पाणी दगडाचा आणि पोलादाचा सूक्ष्म चुरा वाहून नेतं, दगडाची रंध्रं मोकळी ठेवतं. आणि उरलेल्या चुऱ्याचा जो काळसर, मऊ चिखल होतो, तोच पात्याला पुढची झिलई देतो. मग आवाज सुरू होई. पहिला भरड, खर्र-खर्र; थोड्या वेळाने त्यातली खरखर विरून सर्र-सर्र; आणि शेवटी रेशमी लुगड्याची घडी मोडावी तसा, ऐकू येतो न येतो असा एक स्स. आजीचे डोळे पुष्कळदा दुसरीकडेच, पोफळीवर किंवा मांजरावर असत. धार ती कानाने लावी.

कोन किती, असं विचारलं तर ती म्हणे, “पातं झोपवू नको, उभं करू नको, पाठीखाली करंगळी मावेल एवढंच उचल.” पुढे कधीतरी मी हा हिशेब मांडून पाहिला. चार सेंटिमीटर रुंदीच्या पात्याची पाठ करंगळीभर उचलली, की कोन भरतो सुमारे 17 अंश. आणि स्वयंपाकघरातल्या सुरीला एका बाजूने 15 ते 20 अंशांचा कोन असावा, असं जाणकार सांगतात! कोनमापक कधीही न पाहिलेल्या त्या बोटाचं मला अजून अप्रूप वाटतं.

एक बाजू घासून झाली, की धारेच्या पलीकडे पोलादाची एक अतिसूक्ष्म दुमड वळते. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा धारेला आडवा, अगदी हलकेच ओढला तरच ती बोटाला अडखळते. ही अडखळ आली म्हणजे दगड थेट टोकापर्यंत पोचला. मग पातं उलटायचं, दाब कमी करत न्यायचा, इतका की शेवटच्या दोनचार हातांत फक्त पात्याचं स्वतःचं वजन उरावं. जोर लावण्यापासून जोर काढून घेण्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे गायकाने तार षड्जावरून उतरत शेवटचा सूर श्वासात विरघळू देणंच.

आता यंत्राकडे वळू, आणि त्याच्याकडेही रसिकतेनेच पाहू. सहा इंचांचं चाक मिनिटाला 2850 फेरे घेतं, तेव्हा त्याची कड ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावत असते. त्यातून उसळणारं ते केशरी कारंजं पाहायला मी आजही थांबतो. ती प्रत्येक ठिणगी म्हणजे हवेत जळणारा पोलादाचा कण. पातं दातरं झालं असेल, तर हाताने जिथे तास जाईल तिथे हे चाक काही मिनिटांत काम संपवतं, हे मान्य करायलाच हवं. पण त्याला कान नाहीत. एका दुकानात माझी जुनी लोखंडी सुरी अशा कोरड्या चाकावर क्षणभर जास्त रेंगाळली आणि तिचं टोक मोरपिशी निळं होऊन परत आलं. रंग सुंदर होता! अर्थ मात्र एवढाच, की तापमान तीनशे अंशांच्या घरात गेलं आणि लोहाराने दिलेलं पाणी उतरलं. पात्याच्या कठीणपणालाही आपण ‘पाणी’च म्हणतो. ते इंचभर टोक त्यानंतर आठ दिवसही धार धरीना.

या दोघांच्या मधोमध उभा असतो सायकलवाला धार लावणारा. सायकल स्टँडवर, चाक हँडलजवळ, पाय पायडलवर. गती आहे, पण ती पोटरीतून येते. पातं टोकाशी निमुळतं होताच पाय आपोआप मंदावतो. एखाद्याने चाकावर डबा टांगलेला असतो, त्याच्या छिद्रातून थेंब थेंब गळतो. धारेला धारेची सोबत. फ्रान्समधल्या तिएर या सुऱ्यांच्या गावी तर द्युरोल नदीच्या प्रवाहावरच सहाणेची मोठाली चाकं फिरत, आणि कारागीर त्यांच्यावर फळी टाकून पालथे पडून काम करत. नदीकाठच्या गारठ्यात ऊब म्हणून पायांवर कुत्रा झोपवलेला असे. त्या कुत्र्याचा मला फार हेवा वाटतो.

धार लावणं म्हणजे शेवटी झिजवणंच. भर्तृहरीने नीतिशतकात कृशतेनेच शोभणाऱ्यांची यादी दिली आहे. तिचा आरंभ शाणेवर घासलेल्या रत्नाने होतो आणि तिच्यात एक कला उरलेला चंद्रही आहे. आजीची विळी मी काढून पाहतो तेव्हा ही दोन्ही उदाहरणं एकाच पात्यात भेटतात. एके काळचं तळहाताएवढं रुंद पातं आता द्वितीयेच्या कोरीएवढं उरलं आहे. तरी पिकला टोमॅटो तिच्यावर टेकवला, की साल दबत नाही; नुसती उघडते.

पायरीही तेवढीच झिजली आहे. आषाढात पागोळ्यांचं पाणी त्या खोलगट जागी आपसूक साचतं, आणि मग सुरी घेऊन बसणाऱ्याला विहिरीवर जावं लागत नाही.