मॉनिटर दिसला, पण सिद्ध काय झालं?

आज दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच प्रयोगवहीतल्या एका नोंदीवर टीका करणार आहे. संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यासारख्यांना ती जास्त उपयोगी पडेल.

नोंद अशी: ‘लिनक्स लॅपटॉप डॉकला लावल्यावर बाहेरचा मॉनिटर ओळखला जात नाही. टर्मिनलमध्ये एक्सरँडआर चालवलं, मॉनिटर आला. निष्कर्ष: ड्रायव्हर ठीक, दोष डेस्कटॉपचा.’

गाईडनी वाचलं आणि एवढंच विचारलं, “हे तुला कसं कळलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्या निष्कर्षावर विसंबून मी चार दिवस डेस्कटॉपच्या सेटिंग्ज उलटसुलट करत बसले होते.

चूक कुठे झाली ते बघा. एक्स११ मध्ये एक्सरँडआर नुसती यादी दाखवत नाही, ते हार्डवेअरची नव्याने तपासणी करायला लावतं. (तपासणी नको असेल तर ‘करंट’ हा पर्याय आहे.) म्हणजे मी ज्याला निरीक्षण समजत होते, तो हस्तक्षेप होता. थर्मामीटर लावल्यावर ताप उतरावा, तसं! त्यातून एवढंच सिद्ध झालं की विचारल्यावर मॉनिटर सापडतो. न विचारता कळायला हवं होतं, ते का कळलं नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

हॉटप्लगची साखळी साधारण अशी असते: मॉनिटर जोडला की एचपीडी सिग्नल येतो, ग्राफिक्स ड्रायव्हर तो पकडून जोडणी तपासतो, कर्नल ‘बदल झाला’ अशी घटना पाठवतं, आणि ती ऐकून डेस्कटॉप स्क्रीन मांडतो. निरोप नेमका कुठे हरवला, हे शोधायचं असेल तर साखळीला धक्का न लावता बघावं लागतं.

मग क्रम असा. डॉक काढून लॅपटॉप रीस्टार्ट करा. ‘युडेव्हअ‍ॅडम मॉनिटर’ सुरू ठेवा, मग डॉक लावा. डीआरएम विभागाची ‘चेंज’ घटना येते का, ते पाहा. नंतर सिसएफएसमधली त्या कनेक्टरची ‘स्टेटस’ फाइल वाचा. ती नुसती वाचल्याने नवी तपासणी होत नाही. घटना आली, स्टेटस ‘कनेक्टेड’ आहे, तरी स्क्रीन काळी? तर डेस्कटॉपकडे संशय घ्या. घटनाच आली नाही? खालच्या थरात शोधा. एक्सरँडआर सगळ्यात शेवटी.

आणखी एक फसवा पुरावा म्हणजे ‘डॉकचा कीबोर्ड चालतोय, म्हणजे डॉक ठीक आहे’. टाइप-सीच्या डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडमध्ये चित्र आणि यूएसबी डेटा वेगवेगळ्या वाटांनी जातात. एक वाट चालू असण्यावरून दुसरीबद्दल काही ठरत नाही. (डिस्प्लेलिंकच्या डॉकमध्ये चित्र यूएसबीवरूनच जातं, तिथे वेगळा तपास.)

माझ्या लॅपटॉपवर यूएसबीच्या घटना भराभर आल्या, डीआरएमची एकही नाही. म्हणजे डेस्कटॉप निर्दोष होता! मग मी एकच गोष्ट बदलली: ग्राफिक्स चिपची रनटाइम वीजबचत बंद केली. घटना आली. पुन्हा चालू केली, गायब. दोन्ही स्थितीत पाच-पाच वेळा करून पाहिलं, निकाल तोच.

एक्सरँडआरला नावं ठेवायचा हेतू नाही. प्रेझेंटेशनला पाच मिनिटं उरली असतील तर मीही तेच चालवीन. उपाय म्हणून ते चांगलंच आहे, पण निदान म्हणून वहीत लिहू नका.

जुनी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली: ‘वीजबचत चालू असताना हॉटप्लगची घटना येत नाही, बंद केल्यावर येते.’ दोष ड्रायव्हरचा की फर्मवेअरचा, हे या प्रयोगातून ठरत नाही, म्हणून बग रिपोर्टमध्येही तेवढंच लिहिलं. या वेळी गाईडनी “कसं कळलं?” विचारलं, तेव्हा वही पुढे केली.