ग्रामीण भयलघुपट: भूत कोणी घडवले?

कमी पैशांत गावाकडचा भयलघुपट करायला अंधार, शेत आणि एक म्हातारी पुरते. पण त्या म्हातारीलाच चेटकीण ठरवले, तर? रायपूर ज्याची राजधानी, त्या छत्तीसगडमध्ये 'टोनही' ठरवून बायकांचा छळ होतो. तो रोखण्यासाठी २००५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा ठिकाणी तो लघुपट गावाच्या संशयालाच दुजोरा देतो.

याउलट विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) पाहा. तो पूर्ण लांबीचा असला, तरी सामग्री तीच: उसाचे शेत, एकाकी घर, म्हातारी. मात्र तिथे भीतीचे मूळ 'मुलगी नको' म्हणणाऱ्या रूढीत आहे. पुढचा भयलघुपट पाहताना तुम्हीही शोधा: यातले भूत कोणी घडवले?