पिंजऱ्यात एकटीच

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. मध्यमवर्गीय ढोंगाचे चित्रण म्हणून त्याची पुष्कळ चर्चा झाली. परंतु समाजाला हितकर कायदा कोणता आणि अहितकर कोणता, या प्रश्नाच्या अंगाने ते वाचले, तर त्याचा आशय अधिक खोल जाणवतो.

अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी खेड्यात आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला मांडतात. अविवाहित शिक्षिका लीला बेणारे हिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि पाहता पाहता खेळाची जागा तिच्या खाजगी जीवनाची निर्दय चौकशी घेते. फिर्यादीचा व बचावाचा वकील एकच, सुखात्मे. न्यायाधीश काशीकर आसन सोडून स्वतःच साक्ष देतात. अखेर निकाल लागतो : तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्यात यावा! ज्या कृत्याचा आरोप, तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावणारे हे न्यायालय मातृत्वाच्या पावित्र्याचा घोषही करते. गर्भातील जीव पवित्र मानणाऱ्या आपल्या वाचकांना ही विसंगती विशेष बोचेल.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा हा विवेकाचा आदेश असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेला असावा आणि जाहीर झालेला असावा. काशीकरांचे कोर्ट यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही.

नाटकातील सर्वांत अर्थपूर्ण पात्र मात्र रंगमंचावर येतच नाही. ते म्हणजे विवाहित प्राध्यापक दामले. गर्भाचा पिता तो; पण त्याच्या गैरहजेरीची नुसती नोंद होते, त्याची झडती होत नाही. येथे योहानकृत शुभवर्तमानातील आठवा अध्याय आठवतो. मोशेच्या नियमशास्त्राने व्यभिचारात स्त्री-पुरुष दोघांनाही दोषी धरले होते (लेवीय २०:१०). शास्त्री व परुशी मात्र येशूपुढे एकट्या स्त्रीला घेऊन आले. नियम उभयतांसाठी होता. चालवला गेला तो एकीवर.

काही वेळा तर अशी विषमता कायद्याच्या अक्षरांतच असते. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरत असे. पत्नीला मात्र सामान्यतः पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता वा परित्यागही सिद्ध करावा लागे. ही विषमता दूर व्हायला २००१ ची दुरुस्ती यावी लागली. विवाहबंधन अविच्छेद्य आहे, ही चर्चची शिकवण. तथापि ती पती-पत्नी दोघांनाही सारखीच बांधते.

तेंडुलकरांनी बेणारेभोवतीची बहुतेक पात्रे एकाच काळ्या रंगात रंगवली, हा नाटकाचा उणेपणा मानावा लागेल. अपवाद सामंताचा. हा भोळा, सालस माणूस केवळ खेळात भर म्हणून हातातल्या कादंबरीतील प्रसंग साक्ष म्हणून सांगतो, आणि तीच साक्ष बेणारेच्या गळ्याभोवती आवळली जाते. अन्यायी व्यवस्था चालवायला दुष्ट माणसेच लागतात असे नाही, हे त्याच्यामुळे कळते. पिंजऱ्यात कोण उभे आहे, याबरोबरच तेथे कोण नाही, हेही जो विचारतो, तोच कायदा समाजाच्या हिताचा होय.