सखीचे स्थान : ‘मित्राची गोष्ट’ आणि एक जपानी चित्रकथा

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे गाव इतिहासात ख्यात आहे ते मन नदीकाठच्या किल्ल्यामुळे आणि मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीमुळे. परंतु गावाला नाव मिळाले ते किल्ल्यालगतच्या बाळादेवीवरून, असे सामान्यतः मानले जाते. ‘बाला’ हे देवीचे कुमारीरूप होय. या रूपात ती अद्याप कोणाची पत्नी नाही आणि कोणाची माताही नाही. ज्या समाजाने या रूपाला पूजेत स्थान दिले, त्याने आपल्या वाङ्मयात कुमारिकेला, आणि विशेषतः दोन कुमारिकांमधील उत्कट स्नेहाला, कोणते स्थान दिले, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) हे नाटक मध्यवर्ती धरून आणि त्याच विषयावरील एका जपानी चित्रकथेशी त्याची तुलना करून या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम परंपरेकडे पाहू गेल्यास वऱ्हाडात भुलाबाईचा उत्सव डोळ्यांपुढे येतो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडतात, संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखतात. महिनाभर चालणारा हा मेळा संपूर्णपणे मुलींचा असतो. मात्र गाण्यांचा आशय पाहिला तर तो प्रायः सासर-माहेराचा असतो. सासू, नणंद, दीर, माहेरचे बोलावणे, रुसवा आणि समजूत हेच त्यातील प्रसंग. मुलींचे सख्य ही या गाण्यांची अट आहे. तो त्यांचा विषय नाही. ज्या मैत्रिणीचा हात धरून गाणे म्हटले जाते, तिच्याविषयी गाणे बहुधा काहीच बोलत नाही.

अभिजात काव्यातही याहून निराळी स्थिती नाही. विदर्भकन्या रुक्मिणीच्या कथेवर नरेंद्र कवीने तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. रुक्मिणीच्या विरहात तिच्या सख्या तिच्याभोवती आहेत. त्या तिचे ऐकतात, तिला धीर देतात, तिचा ताप शमविण्याचे उपाय करतात. पण त्यांपैकी एखादीच्या मनात काय चालले आहे, हे जाणून घेण्याचे काव्याला प्रयोजन नाही. संस्कृत नाटकापासून लावणीपर्यंत सखीचे कार्य ठरलेले आहे: दुसऱ्या कोणाच्या प्रेमाला कान देणे. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती नायिकेची सहायिका आहे; स्वतः नायिका होण्याचा अधिकार तिला नाही.

आधुनिक काळात विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या संग्रहाने शिकलेल्या अविवाहित मुलीचे एकटेपण मराठीत आणले. हा फार मोठा पालट होता. कुमारिकेच्या मनाला प्रथमच स्वतंत्र भाषा मिळाली. तथापि त्या एकटेपणाची दिशा मुख्यतः पुरुषाच्या अपेक्षेकडे किंवा त्याच्या अभावाकडे होती. दोन मुलींचे एकटेपण परस्परांकडे वळले तर काय होईल, हा प्रश्न नाटकाच्या मध्यभागी येण्यास आणखी जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

‘मित्राची गोष्ट’ स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनात घडते. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, ही मोकळ्या वागणुकीची धीट मुलगी. स्नेहसंमेलनाच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते आणि नायिकेची भूमिका करणाऱ्या नमा देशमुखवर तिचे मन जडते. नमाचा दळवीशीही संबंध आहे. मित्राचे पत्र त्याच्या हाती पडते आणि प्रेम हे धमकीचे साधन बनते. पुढे नमा दूर निघून जाते, बापूही मित्रापासून तुटतो आणि मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. १९८१ साली रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या मित्रामुळे हा विषय मराठी रंगभूमीवर आडपडद्याशिवाय आला. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटावरून १९९८ साली मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली, त्याच्या सतरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेंडुलकरांच्या धाडसाची जाणीव ठेवूनच पुढील विवेचन वाचले पाहिजे.

हे नाटक सांगतो बापू. तो मित्राचा मित्र आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे, आणि प्रेक्षकाला जे कळते ते बहुधा बापूला कळते तितकेच. मित्रा आणि नमा यांच्या भेटींसाठी जागा नाही. ती बापूच्या खोलीच्या रूपाने उसनी मिळते. खोली दोघींना दिली की बापू बाहेर जातो, आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकाचे मनही बाहेर जाते. नाटकाच्या रचनेचे मर्म या एका तपशिलात सापडते. दोघींना स्वतःची जागा नाही, स्वतःचे कथन नाही आणि स्वतःचा काळही नाही. जो काळ आहे तो पत्र पकडले जाण्याच्या भीतीने आखडलेला आहे.

याचा सर्वांत मोठा तोटा नमाला होतो. मित्राचे मन तिच्या बोलण्यातून आणि बापूच्या साक्षीतून उमगते. नमाचे मन बंदच राहते. ती मित्राकडे येते, मागे सरते, पुन्हा येते. हे येणे-जाणे भयाचे, मोहाचे की अजून स्वतःलाच न समजलेल्या ओढीचे, याचा उलगडा व्हावा एवढा अवकाश नाटक तिला देत नाही. परिणामी तिची द्विधा अवस्था चंचलपणासारखी दिसू लागते. दोन एकाकी मुलींची होऊ शकणारी कथा अशा रीतीने एका एकाकी मुलीची आणि तिच्या साक्षीदाराची कथा होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, बापूचे अपुरे आकलन हाच तेंडुलकरांचा विषय आहे. सहानुभूती असलेला पुरुषही कोठपर्यंत येतो आणि कोठे थांबतो, हेच त्यांना दाखवावयाचे आहे. आक्षेप रास्त आहे. नाटकाची भेदकता बापूच्या या मर्यादेतूनच येते. परंतु मर्यादेचे उत्तम चित्रण झाले म्हणून मर्यादेपलीकडचे चित्रण झाले असे होत नाही. मित्राचा मृत्यू अटळ वाटतो. त्यातील समाजाचा वाटा किती आणि कथनपद्धतीचा वाटा किती, हे वेगळे करून पाहिल्याशिवाय समीक्षेचे काम पूर्ण होत नाही.

त्यासाठी मराठीबाहेरचे एक उदाहरण उपयोगी पडते. जपानमध्ये नोबुको योशिया (१८९६–१९७३) या लेखिकेने १९१६ पासून ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे फुलांच्या कथा, लिहिल्या आणि मुलींच्या शाळांतील उत्कट सख्याला वाङ्मयाचा विषय केले. ‘मांगा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील चित्रकथांनी हा वारसा पुढे चालविला, आणि स्त्री-स्त्री प्रेमाच्या कथांना ‘युरी’, म्हणजे लिली, असे फुलाचेच नाव मिळाले. ताकाको शिमुरा यांची ‘आओई हाना’ (निळे फूल) ही या परंपरेतील चित्रकथा २००४ ते २०१३ या काळात नियतकालिकातून क्रमशः आली आणि आठ खंडांत पुस्तकरूप झाली.

तिची कथा कामाकुरा या समुद्रकाठच्या जुन्या गावात घडते. फुमी आणि आकिरा या बालमैत्रिणी. फुमीचे कुटुंब दुसरीकडे गेल्याने ताटातूट होते आणि उच्च माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी, दोघी निराळ्या शाळांत जात असताना, आगगाडीत त्यांची पुन्हा गाठ पडते. फुमी मनाने आधीच घायाळ आहे, कारण जिच्यावर तिचे प्रेम होते त्या चुलत बहिणीचे, चिझूचे, लग्न ठरले आहे. नमाचे निघून जाणे हा मित्राच्या कथेचा अंताकडे झुकणारा उतार आहे. चिझूचे निघून जाणे हा फुमीच्या कथेचा आरंभ आहे. आघात एकाच जातीचा आहे. तो कथेत कोठे ठेवला, यावर नायिकेचे पुढचे आयुष्य अवलंबून राहिले.

दोन्ही कृतींत शाळा-महाविद्यालयातील नाट्यप्रयोग यावा आणि त्यात मुलीने पुरुषवेष घ्यावा, हे साम्य अभ्यासण्याजोगे आहे. ‘आओई हाना’त ‘वुदरिंग हाइट्स’च्या प्रयोगात सुगिमोतो ही वरच्या वर्गातील विद्यार्थिनी हीथक्लिफची भूमिका करते. फुमी त्या वेळी तिच्या प्रेमात आहे आणि शाळाभर मुली सुगिमोतोवर लुब्ध आहेत. परंतु चित्रकथा पुढे तो वेष उतरवून ठेवते: सुगिमोतो स्वतः एका शिक्षकासाठी झुरणारी मुलगी आहे, आणि फुमीच्या खऱ्या प्रेमाला, म्हणजे आकिराविषयीच्या प्रेमाला, कोणत्याच पुरुषवेषाची गरज लागत नाही. उलट मित्राच्या बाबतीत रंगमंचावरील भूमिका तिच्या स्वभावाचा खुलासा म्हणून तिला चिकटून राहते. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री ही काही अंशी पुरुषच असली पाहिजे, या समजुतीतून नाटक पूर्णपणे सुटत नाही. ज्या रंगभूमीने बालगंधर्वांचा स्त्रीवेष डोक्यावर घेतला, तिथे मुलीचा पुरुषवेष मात्र दुर्दैवाची खूण ठरावा, हाही विरोध नोंदविण्यासारखा आहे.

मुख्य भेद आहे तो सावकाशीचा. फुमी आपले मन आकिराजवळ उघड करते, पण आकिराला उत्तर लगेच देता येत नाही. तिला फुमी हवी आहे. ती कोणत्या अर्थाने हवी आहे, हे तिला कळत नाही. ही द्विधा स्थिती नमाच्याच स्थितीची सख्खी बहीण म्हणावी लागेल. येथे मात्र तिला खंडामागून खंड मिळतात. गाडीची वाट पाहणे, बरोबर घरी जाणे, शब्द नसलेली पाने, अर्धवट राहिलेले वाक्य यांतून आकिराचे न समजणे हेच कथेचे द्रव्य बनते. त्याला कोणी अपराध मानत नाही. क्रमशः प्रकाशनामुळे वाचकालाही वर्षानुवर्षे तिच्याबरोबर थांबावे लागले. दोन-तीन तासांच्या नाटकाकडून इतका विस्तार मागणे अन्यायाचे होईल. परंतु मराठी कादंबरीला आणि दीर्घकथेला तो अशक्य नव्हता, हे विसरता येत नाही.

जपानी परंपरा निर्दोष आहे असे मात्र नव्हे. योशियाच्या काळात असे सख्य सहन केले गेले ते बव्हंशी शाळेपुरते. लग्नाबरोबर ते संपावे अशीच अपेक्षा होती. मुलींच्या शाळेचे आवार हे आश्रय होते तसे कुंपणही होते. शिमुरांच्या कथेतील चिझू त्याच कुंपणाची आठवण करून देते. तरीही त्या आवारात काही काळ दोघींचा होता, आणि वाङ्मयाने त्या काळाची नोंद ठेवली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून मुक्त केले. कायद्याने भय कमी होते. कथनाची रीत तेवढ्याने बदलत नाही. मराठीत आज या विषयावर लिहिणाऱ्यापुढे आणि वाचणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो असा की, सखीला बापूच्या खोलीबाहेर आणून तिची स्वतःची जागा कशी द्यावयाची. वर्गात ‘मित्राची गोष्ट’ वाचताना एखाद्या विद्यार्थिनीला त्यात स्वतःसाठी केवळ मृत्यूच लिहिलेला दिसत असेल, तर तो शेवट एका कथनपद्धतीतून आला आहे, तो निसर्गनियम नव्हे, हे तिला दाखवून देणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

या दृष्टीने विभागातील संशोधकांना एक काम जवळच उपलब्ध आहे. भुलाबाईच्या गाण्यांचे संकलन करताना सामान्यतः शब्द आणि पाठभेद टिपले जातात. बाळापूर तालुक्यातील वयस्क स्त्रियांना याबरोबरच आणखी विचारता येईल: गाताना शेजारी कोण असे, लग्नानंतर तिची भेट किती वर्षांनी झाली, आणि तिच्या वाचून पहिली कोजागरी कशी गेली. गाण्यांनी जे सांगितले नाही ते गाणाऱ्यांच्या स्मरणात असण्याचा पुष्कळ संभव आहे. ते मिळाल्यास सख्याच्या मराठी वाङ्मयेतिहासाचा आरंभ १९८१ च्या बराच मागे न्यावा लागेल.