सुरगाठ

माझ्यासमोर टेबलावर दहा काड्यांचा एक गठ्ठा आहे. नारळाच्या खराट्याचे हीर वीतभर लांबीला कापलेले, टोके बोचू नयेत म्हणून दगडावर घासलेली, आणि मधोमध जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधलेली. पहिली-दुसरीला दशक-एकक शिकवायला असे गठ्ठे अनेक शाळांच्या कपाटात असतात. चांगली कविता जशी पुन्हा पुन्हा वाचावी लागते, तसा हा गठ्ठा मी गेली काही वर्षे वाचते आहे. दर वेळी त्यात आधी न दिसलेले काहीतरी सापडते.

गठ्ठ्याचा सगळा अर्थ त्याच्या गाठीत आहे. पहिल्या वर्षी मी रबर लावले होते. उन्हाळ्याची सुट्टी संपवून कपाट उघडले, तर रबरे चिकट होऊन तुटलेली आणि काड्या सगळीकडे. मग सुतळी आणली आणि चांगली निरगाठ मारली. गठ्ठे मजबूत झाले, पण सहा वर्षांच्या बोटांना ते उघडेनात. मुले गठ्ठा माझ्याकडे आणत, मी नखाने गाठ काढून देई, आणि तेवढ्यात गणितातला मुख्य क्षण माझ्या हातात घडून संपलेला असे. चिंधीची सुरगाठ सापडली तेव्हा ते कोडे सुटले. हलवले तरी गठ्ठा घट्ट राहतो आणि एक टोक ओढले की मोकळा होतो. दशकही असेच असते. एरवी ते एकसंध, वेळ आली की दहा.

ती वेळ कधी येते? 42 मधून 7 काढताना. मुलापुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. सात द्यायच्या आहेत. ते दोन सुट्या देते आणि थांबते. या थांबण्यात घाई करू नये, वर्गातले सर्वांत मोलाचे अर्धे मिनिट तेच. मूल गठ्ठ्यांकडे बघते, माझ्याकडे बघते, पुन्हा गठ्ठ्यांकडे. मग हळूच एका चिंधीचे टोक ओढते. काड्या पसरतात, पाच दिल्या जातात, पाच उरतात. तीन गठ्ठे, पाच सुट्या. फळ्यावर मी शिकवले असते ते निराळे असते: बारातून सात गेले, उरले पाच. मुलाने आधी दोन दिले, मग पाच. उत्तर एकच, वाट त्याची स्वतःची. नंतर कागदावर आपण 4 वर काट मारून वर बारीक 3 लिहितो ना, ती काट म्हणजे ओढलेल्या चिंधीचे चित्र आहे. ज्याने चिंधी ओढली आहे त्याला ती काट वाचता येते.

मराठीने तर हे सारे आधीच सांगून ठेवले आहे. गठ्ठ्याबाहेरच्या काड्यांना आपण सुट्या म्हणतो आणि दुकानात सुटे पैसे मागतो. गणित आपण ‘सोडवतो’, गाठही सोडवतो, क्रियापद एकच. आणि बेरजेत एका घरातून दुसऱ्या घरात जाणाऱ्या दहाला आपण ‘हातचा’ म्हणतो. हातचा म्हणजे हातातला. 28 आणि 5 एकत्र केले, तेरा सुट्यांतल्या दहा उचलून बांधल्या, की तो नवा गठ्ठा खरोखर हातात असतो आणि तो डावीकडच्या घरात नेऊन ठेवायचा असतो. शब्द आणि काम असे एकमेकांवर बसलेले पाहिले की मला फार आनंद होतो.

या गठ्ठ्याशेजारी मारिया माँटेसरी यांचे सोनेरी मणी ठेवून पाहावेत. 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले आणि पुढे त्यांच्या पद्धतीत ज्या साधनांचे नाव झाले त्यांत हे मणी आहेत. सुटा मणी म्हणजे एक, तारेत ओवलेली दहा मण्यांची कांडी, दहा कांड्यांचा चौरस म्हणजे शंभर, दहा चौरसांचा घन म्हणजे हजार. साधन देखणे आहे. हजाराचा घन हातात घेतल्यावर मुलाच्या डोळ्यांत जो अचंबा येतो तो काड्यांच्या मोळीने येत नाही. पण तारेतली कांडी सुटत नाही. दहातून सात द्यायचे तर ती ‘बँके’त नेऊन तिच्या बदल्यात दहा मणी आणायचे. हे झाले मोड घेणे. मोड घेताना विश्वास लागतो, की दिले तेवढेच परत मिळाले. गाठ सोडताना विश्वासाची गरज नसते, कारण त्याच काड्या समोर असतात. म्हणून माझ्या मते आधी गठ्ठा, मग कांडी, आणि मग नाणी-नोटा. हा क्रम उलटा झाला की मूल बँकेचा व्यवहार शिकते आणि दशक तसेच राहते.

परदेशी साधने महाग पडतात म्हणून आपल्याकडे पर्याय शोधले गेले, असे सांगण्याची रीत आहे. ताराबाई मोडकांचे काम मला त्याहून मोठे वाटते. त्यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या जवळ गेले. शिंपले, बिया, पाने, खडे ही त्या मुलांच्या ओळखीची दुनिया होती, आणि मोजायला ओळखीची वस्तू मिळाली की मुलाचे सगळे लक्ष मोजण्यावर राहते. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, या विचारातून आलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर आहे.

आता काड्या आणि आपले संख्यानाम समोरासमोर ठेवू. काड्या मांडताना मोठे डावीकडे: चार गठ्ठे, दोन सुट्या. आकड्यातही तसेच, 42. तोंडाने मात्र आपण ‘बेचाळीस’ म्हणतो. आधी दोन, मग चाळीस. ‘त्रेसष्ठ’ ऐकून मूल 36 लिहिते, कारण कानावर आले त्याच क्रमाने ते लिहिते. सोलापूरकडच्या वर्गात घरी कन्नड बोलणारे मूल ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, वीस आधी आणि एक नंतर, त्यामुळे मराठीतला ‘एकवीस’ त्याला आणखीच उलटा लागतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद पेटला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या रीतीची बाजू शांतपणे मांडली होती. वर्गात दोन्ही नावे असावीत असे मला वाटते. काड्या हातात असताना ‘चाळीस दोन’ म्हणायला काहीच हरकत नाही. पण ‘एकोणपन्नास’ गमवायला मी तयार नाही. त्या नावात एक वजाबाकी दडली आहे: एक ऊन पन्नास. मुलांना मी पाच गठ्ठे घ्यायला सांगते आणि पाचव्यातून एक काडी ओढायला लावते. काडी निघते, चिंधी सैल पडते, आणि एकोणपन्नास मुलाला बोटांनी कळतो. नव्व्याण्णवला मात्र ही युक्ती चालत नाही, भाषेने तिथे वेगळीच वाट धरली आहे. कोणीतरी मूल दर वर्षी विचारतेच, ‘बाई, एकोणशंभर का नाही?’

अक्षरांच्या बाबतीत गाठ निराळ्या रूपात भेटते. पॉलिश पेपरची अक्षरे करायची तर कागदाच्या मागच्या बाजूला अक्षर उलटे काढून कापावे लागते, आणि जाड कणांचा कागद घेतला तर बोटे सोलवटतात. बारीक कणांचाच घ्यावा. तर्जनी आणि मधले बोट जोडून मूल त्यावरून फिरवते. ही रीत माँटेसरींची, पण धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणाऱ्या आपल्या जुन्या शाळेला ती परकी वाटली नसती. आता य आणि थ, घ आणि ध, म आणि भ या जोड्या घ्या. डोळ्यांना त्या गोंधळात टाकतात. बोटाला फरक लगेच लागतो, कारण तिन्ही जोड्यांत तो एकच आहे: दुसऱ्या अक्षराच्या डाव्या खांद्यावर एक छोटी गाठ येते आणि तिथे शिरोरेघ तुटते. थ, ध, भ. तिन्ही तोंडासमोर तळहात धरून म्हटली की श्वासाचा फटकारा हाताला लागतो. (घ म्हणतानाही तो लागतो, म्हणून याचा नियम करून शिकवू नये.) ज्या मुलीला ‘भ’ आणि ‘म’ महिनाभर सापडत नव्हते, तिने डोळे मिटून बोट फिरवले आणि गाठीपाशी थबकून म्हणाली, ‘इथे अडतंय.’ तेव्हापासून तिच्या वहीतल्या भची गाठ बाकी अक्षरापेक्षा दुप्पट मोठी असे. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

गठ्ठ्याला एक मर्यादा आहे आणि ती लपवू नये. दहाचा गठ्ठा बाकावर कुठेही ठेवला तरी दहाच राहतो. आकड्यातला 4 मात्र जागा बदलली की किंमत बदलतो. जागेची ही जादू काड्यांना येत नाही. त्यासाठी दोन रकान्यांची चटई लागते, आणि पुढे काड्याही डब्यात जाव्या लागतात. ज्या वर्गात तिसरीच्या शेवटीही मुले प्रत्येक वजाबाकीला डबा उघडतात, तिथे साधनाने आपले काम पुरे केले नाही, असे मी मानते.

गठ्ठे मुलांनीच बांधावेत, हे मी एका चुकीतून शिकले. एकदा 31 मधून 8 काढायच्या होत्या. चार गटांत उत्तर 23 आले आणि एका गटात 22. त्या गटाने पुन्हा केले, पुन्हा 22. कृती बिनचूक होती. मी बाजूला बसून पाहत राहिले. मग एका मुलाने दोन्ही वेळा सोडलेल्या गठ्ठ्याच्या काड्या गोळा केल्या, हातात तोलल्या, आणि एकेक करून मोजल्या. त्या नऊच होत्या. दुकानातून आणलेल्या साच्यातल्या दशकात ही चूक होऊच शकत नाही. ‘आता माझापण बघा,’ म्हणत दुसरा गट उठला, मग तिसरा, आणि जेवणाची घंटा होईपर्यंत वर्गातली एकूण एक गाठ सुटलेली होती. सतरंजीभर काड्या, आणि त्यात बसून पंचवीस मुले मोठ्याने दहापर्यंत मोजत होती.